फार म्हणजे कोणतं फार

ड्रायरमधून नुकत्याच निघालेल्या चादरीला वास नसतो. ती जरा निवली की मग येतो.

"फार शहाणी आहेस." नवरा बायकोला असं म्हणतो तेव्हा त्यात शहाणपणाचा काही संबंध नसतो.

रिकामी जागा भरा: चहा ______ गरम आहे. याला उत्तरं दोन. दोन्ही बरोबर, पण एकाच वेळी नाहीत.

कापडाचा भुगा राखाडी असतो, मांजराच्या पोटासारखा मऊ. मूठभर घेतला तरी हातात काही आहे असं वाटत नाही.

भिंतीवरच्या टेलिफोनला साबणाचा वास येतो, कारण तो उचलणारे सगळे हात ओले असतात.

"फार दिवसांनी आलास." यात आनंद किती आणि टोमणा किती, ते दारात उभ्या असलेल्याने ठरवायचं.

खुर्चीला हात नसले तरी ती खुर्चीच.



भानगड झाली ती टेलिफोनवर, तेव्हा दोरा तिथूनच धरू.

धुलाईची कंपनी होती. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल मळके यायचे आणि घडी होऊन जायचे. हॉलच्या एका टोकाला धुण्याची मशीनं, दुसऱ्या टोकाला इस्त्रीचे रोलर आणि घडीची टेबलं, आणि मधल्या भिंतीला ओळीने ड्रायर, एकेक एवढा की आत माणूस उभा राहील. या ड्रायरांवर मावशी होती. ती सगळ्यांचीच मावशी. कामावर आल्या आल्या कुणीतरी तशी हाक मारली आणि ती चिकटली, आता साठीला टेकलेला वॉचमनसुद्धा तिला मावशीच म्हणायचा. पण या भाराभर भाच्यांत एक भाचा खरा होता, तिच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. तो तिथेच मेकॅनिक होता, आणि त्याला तिथे चिकटवलं होतं मावशीनेच. साहेबांपुढे उभी राहून ती त्याच्याबद्दल एकच इंग्रजी वाक्य बोलली होती, "ही इज टू गुड." साहेबांनी भुवया उंचावल्या, पोराकडे पाहिलं, हसले आणि घेतलं.

तेव्हापासून मावशीचा त्या वाक्यावर विश्वास बसला होता.

साहेबांना मराठी येत नव्हतं. म्हणून नियम असा होता की मशीनबद्दल काहीही असो, भिंतीवरचा टेलिफोन उचलायचा आणि इंग्रजीत सांगायचं. कंपनीने त्यासाठी इंग्रजी शिकवायला एक बाई ठेवल्या होत्या. त्या दुपारच्या सुट्टीत कँटीनच्या मागच्या खोलीत वर्ग घ्यायच्या. मावशी वर्गाला बसायची, पण पोट भरलेलं आणि पंखा चालू, त्यामुळे डोळे मिटायचे. नेमक्या कोणत्या धड्याला मिटले होते ते पुढे कळलं.

चार नंबरचा ड्रायर कित्येक दिवस रुसला होता. फिरायचा, घुमायचा, पण तापायचा नाही. चादरी ओल्या निघायच्या, पुन्हा कोंबायच्या, पुन्हा काढायच्या. ओल्या चादरींचा गठ्ठा म्हणजे झोपलेलं पोर, उचलायला गेलं की दुप्पट जड. मावशीचा उजवा खांदा त्यात कामातून गेला होता. हात डोक्याच्या वर जाईना, आणि केस विंचरायचे तर डाव्या हाताने. शेवटी एका सकाळी भाच्याने ड्रायरच्या मागे शिरून गॅसचा व्हॉल्व्ह बदलला. अंगभर काजळी घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, "बघ आता, मावशी."

बघण्यासारखंच होतं. पहिलाच घाणा असा वाळून निघाला की चादरी काढताना तडतड आवाज आला. मावशीला राहवेना. या पोराचं काम साहेबांच्या कानावर गेलं पाहिजे असं तिला वाटलं. तिने टेलिफोन उचलला, मशीनांच्या गोंगाटावरून ओरडली, "सर, नंबर फोर इज टू हॉट."

तिला म्हणायचं होतं: बघा, माझ्या भाच्याने कसला फक्कड तापवलाय.

साहेबांनी ऐकलं: चार नंबर नको इतका तापलाय.

साहेब जिन्यावरून धावत आले. ते धावलेले कुणी कधी पाहिले नव्हते, त्यामुळे सगळे आधी त्यांच्याकडेच बघत राहिले. त्यांनी लाल बटण दाबलं, गॅस बंद केला, आणि मागचा हवेचा पाइप उघडायला लावला. पाइपच्या वळणावर भुग्याचा थर साचला होता, कडेने तपकिरी झालेला. मधोमध, विडीचं टोक असतं तेवढं एक लाल टिंब, श्वास घेतल्यासारखं कमीजास्त होत होतं.

कुणीतरी बादली ओतली. मग टाळ्या.

मावशी टाळ्या वाजवणाऱ्यांत होती. त्या आपल्यासाठी आहेत हे तिला जरा वेळाने समजलं.



रिकामी जागा भरा: मावशी ______ खूश होती.



"तू काय केलंस माहीत आहे का?" घडी टेबलावरची चष्मेवाली म्हणाली. "जळाले असते सगळे, चादरींसकट. आणि तुला नुसत्या हवेवरून कळलं. माझा चष्मा असून मला समोरचं दिसत नाही."

"अगं, मला काही कळलं नव्हतं."

"हो हो, मोठ्या माणसांना असंच बोलावं लागतं."

साहेबांनी सगळ्यांसमोर मावशीशी हस्तांदोलन केलं. ओळीच्या प्रमुखाची जागा रिकामीच होती, आधीची बाई सोडून गेली होती. त्या जागेला एक खुर्ची होती, ड्रायरांच्या समोर, हात नसलेली, पण बसायची. तिच्यावर बसून नुसतं बघायचं, उचलायचं दुसऱ्यांनी. साहेब त्या खुर्चीकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाले. बाईंनी भाषांतर केलं, "तुमचं नाव पक्कं करतायत. चौकशी झाली की."

"कसली चौकशी?"

बाईंनी पेनचं टोपण चावलं. त्या वयाने मावशीपेक्षा लहान होत्या, पण शिकवणाऱ्या म्हणून मावशी त्यांना अहोजाहो करायची आणि त्या मावशीला वयाचा मान म्हणून. "आग कशामुळे लागणार होती, त्याची," त्या म्हणाल्या. "चार नंबरचा उष्णतेचा काटा बंद आहे ना? मग आत किती तापलं होतं ते कुणालाच माहीत नाही. फक्त तुम्ही सांगितलंत. टू हॉट. टेलिफोनवरचं सगळं रेकॉर्ड होतं."

"बरं मग?"

"मग नको इतका तापला असेल तर दोष नव्या व्हॉल्व्हचा. म्हणजे बसवणाऱ्याचा."

मावशीने हातातली चादर खाली ठेवली.

"आणि नको इतका नसेल तापला तर?"

"तर भुग्याचा दोष. पाइप साफ करायचं कंत्राट बाहेरच्यांना दिलंय, त्यांनी केला नाही. मेकॅनिकचा त्यात काही संबंध नाही." बाईंनी टोपण पेनला लावलं. "मावशी, तुम्हाला 'टू'चा धडा आठवतो ना?"

मावशीला पंखा आठवला.



धडा पुन्हा झाला. कँटीनच्या मागच्या खोलीत, एकाच विद्यार्थिनीसाठी.

"व्हेरी म्हणजे फार," बाई म्हणाल्या.

"बरं."

"टू म्हणजे पण फार. पण नको इतकं फार. त्याच्या पोटात तक्रार असते. व्हेरी हॉट, मजेत. टू हॉट, हात पोळला. व्हेरी स्वीट, आवडला. टू स्वीट, टाकून दिला."

"आणि मी साहेबांना म्हटलं होतं, माझा भाचा टू गुड."

"ते..." बाईंनी खडू खाली ठेवला. "ते जाऊ द्या. म्हणजे तो या नोकरीसाठी गरजेपेक्षा जास्तच चांगला आहे, असा अर्थ होतो."

"तो आहेच."

"हो, पण तुम्हाला तसं म्हणायचं होतं का?"

मावशीने विचार केला. तिला नक्की काय म्हणायचं होतं? आता आठवायला गेलं तर तेव्हा मनात मराठीतच होतं, फार चांगला आहे हो. ते फार कोणतं?

"बाई, फार आवडतं म्हणजे?"

"व्हेरी मच."

"फार झालं म्हणजे?"

"टू मच."

"फार बोलू नकोस?"

"टू."

"फार दिवसांनी भेटलात?"

बाईंनी खडू पुन्हा उचलला. "ते माणसावर आहे," त्या म्हणाल्या.

"म्हणजे फार एकच. आणि त्यात दोन माणसं राहतात."

"असंच काहीतरी," बाई म्हणाल्या. त्यांनी फळ्यावर तिसरा एक शब्द लिहिला होता, सो, तोही समजावला. त्यानंतर वाक्य तिथेच सोडता येत नाही, पुढे काय झालं ते सांगावं लागतं. इतकं गरम, की. इतका उंच, की. नुसतं सो म्हणून गप्प बसलं तर समोरचा वाट बघत बसतो.

मावशीने मान डोलावली. तिचं लक्ष अजून त्या दोन माणसांत होतं.



भाचा तिला पार्किंगच्या कठड्यावर बसलेला सापडला. तो डबा उघडून बसला होता, पण खात नव्हता.

"मावशी, खरं सांग. तू तक्रार केलीस?"

"तक्रार कशी करीन रे? कौतुक केलं."

"कौतुकाला टेलिफोन लागतो? मी ड्रायरच्या मागेच पान्हे आवरत होतो. ओरडली असतीस तरी ऐकू आलं असतं."

"तुला ऐकवायचं नव्हतं. साहेबांना ऐकवायचं होतं."

भाचा हसला, पण बळेच. "ऐकलं त्यांनी."

"व्हॉल्व्ह नीट बसवला होतास ना?"

हे विचारायला नको होतं. त्याने डब्याचं झाकण लावलं. "हे बघ, मी बसवला तसा बसवला. आकडे जुळवून बसवला. पण आत किती तापलं ते काटा नसताना मी कसं सांगू? तिथे तू होतीस. तुझा हात होता. तूच सांग, किती गरम होतं?"

"फार," मावशी म्हणाली, आणि जीभ चावली.

भाच्याने आकाशाकडे पाहिलं. "आईला काय सांगू? मावशीने लावलं आणि मावशीनेच काढलं?"

"तुझ्या आईला काही सांगू नकोस. तिला बीपी आहे."

"किती आहे?"

"गप रे."



घरी मावशीचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. खिडकीशी टेबल, टेबलावर उघडी घड्याळं, डोळ्याला भिंग. संसारातलं सगळं तो त्या भिंगातून बघायचा आणि भिंग काढल्यावर विसरायचा, असं मावशीचं म्हणणं.

"त्यात काय एवढं," तो म्हणाला. "सांग जाऊन, व्हेरी म्हणायचं होतं, टू निघून गेलं. तोंड आहे, घसरतं."

"मग माझ्यामुळे आग टळली नाही असं होतं."

"नाहीच टळली. म्हणजे टळली, पण तू नाही टाळलीस."

"आणि खुर्ची गेली."

"खुर्ची आहे की घरात."

"अहो, ही नव्हे." तिने उजवा खांदा डाव्या हाताने दाबला. "तिथे बसलं की उचलायचं नाही. हा हात किती दिवस चालेल सांगा. तुमच्या भिंगातून दिसत असेल तर."

नवऱ्याने भिंग काढलं. त्याने विषय बदलला नाही, पण बाजूला केला. "लोक माझ्याकडे घड्याळ आणतात ते पुढे पळतंय म्हणून, नाहीतर मागे पडतंय म्हणून. बरोबर चालतंय हे सांगायला आजवर कुणी आलं नाही. तू टेलिफोन करून सांगायला गेलीस, चार नंबर बरोबर चालतोय. साहेबाला वाटणारच की बिघडलाय."

हे मावशीला पटलं. पण प्रश्न तो नव्हताच. प्रश्न असा होता की तो बरोबर चालत होता का? तिने व्हेरी म्हणायचं ठरवलं होतं, तेवढ्यात दुसरी शंका आली: टू चुकून आलं असेल कशावरून? हाताला कळलं असेल आणि तोंडाने तेच सांगितलं असेल. तिला चादर आठवली, तडतड आवाज आठवला, हातमोजे आठवले. हातमोजे जाड असतात. त्यातून व्हेरी कळतं की टू?

जेवताना नवऱ्याने विचारलं, "मीठ कसं झालंय?"

मावशी घास हातात धरून बसली.

"काय झालं?"

"फार म्हणणार होते."

"म्हणजे जास्त झालंय?"

"तेच बघतेय."

त्यानंतर तिला फार म्हणताच येईना. शेजारीण म्हणाली, फार उकडतंय नाही, तर मावशीने तिला विचारलं, सहन होतंय की नाही? शेजारणीने दार लावून घेतलं. बहिणीचा फोन आला, "माझं पोर फार गप्प गप्प आहे गं, काही झालंय का?" मावशी म्हणाली, "गप्प आहे." एवढंच. बहीण म्हणाली, "तू पण?"



रिकामी जागा भरा: मावशीला ______ झोप आली नाही.

रिकामी जागा नुसती रिकामी ठेवली तरी वाक्य पुरं होतं, हे तिच्या लक्षात आलं. चहा गरम आहे. भाचा चांगला आहे. चार नंबर तापला. एवढंच म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? पण माणसाला जे वाटतं ते नेमकं त्या रिकाम्या जागेत असतं. नाहीतर टेलिफोन उचलायचाच कशाला?



चौकशी साहेबांच्या खोलीत, सकाळी, वरच्या मजल्यावर झाली. खालचा गोंगाट तिथे जमिनीतून पायांना लागायचा, कानांना नाही. टेबलाच्या एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला मावशी, कडेला भाचा, गुडघ्यांत हात घालून. बाई दाराशी होत्या. त्यांनी आधीच सांगितलं होतं, "मला भाषांतर करायला मनाई आहे. साहेब म्हणतात, तुमचं वाक्य हवंय, माझं नको. घाबरू नका. ठरवलंय ना काय म्हणायचं?"

"व्हेरी," मावशी म्हणाली.

"छान."

साहेबांनी आधी रेकॉर्डिंग लावलं. खोलीत मशीनांचा गोंगाट भरला, आणि त्याच्यावरून एका बाईचा आवाज आला, "सर, नंबर फोर इज टू हॉट." मावशीला वाटलं, ही कोण? आवाज खूश होता. नाही, घाबरलेला होता. गोंगाटावरून ओरडणारा माणूस खूश आहे की घाबरलाय, बाहेरून कळत नाही. आता मावशी बाहेरची होती. तिने पुन्हा लावायची खूण केली. साहेबांनी लावलं. दुसऱ्यांदा ती बाई तिला रडवेली वाटली.

साहेबांनी पेन उचललं. सावकाश, एकेक शब्द सुटा करून विचारलं: व्हेरी हॉट, ऑर टू हॉट?

प्रश्न सोपा होता. उत्तर तोंडात तयार होतं. तिने भाच्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता, लहानपणी निकालाच्या दिवशी बघायचा तसा. मावशीने तोंड उघडलं आणि तिला वाटलं की व्हेरी म्हटलं तर ते खोटं होईल, आणि टू म्हटलं तर तेही खोटंच. कारण त्या दिवशी तिने मोजलंच नव्हतं, तिला नुसतं वाटलं होतं. वाटलं होतं त्याला हे दोन्ही शब्द पुरेनात.

"सो," ती म्हणाली. "सो हॉट."

दाराशी बाईंनी श्वास घेतलेला तिला ऐकू आला.

साहेब थांबले. पेन कागदाच्या वर. मग हाताने पुढे बोला अशी खूण करत म्हणाले, "सो हॉट... दॅट?"

खरंच, समोरचा वाट बघत बसतो. साहेब वाट बघत होते. पुढे काय झालं ते सांगितल्याशिवाय सुटका नव्हती, आणि पुढे काय झालं ते मावशीला ठाऊक होतं. चौकशी ठरल्यापासून ती सगळं आठवत आली होती, चादर, तडतड, हातमोजे, टेलिफोन. फक्त तडतड आणि टेलिफोन यांच्या मधलं तेवढं ती उडी मारून ओलांडत होती. कारण ते सांगण्यासारखं नव्हतं. वाळलेली चादर हातमोजे घालूनच धरायची, अंगाला लागू द्यायची नाही, हा दवाखान्याच्या कपड्यांचा पहिला नियम, भिंतीवर मोठ्या अक्षरांत, चित्रासकट.

"सो हॉट दॅट," मावशी म्हणाली, "आय पुट हिअर." आणि डावा हात उजव्या खांद्यावर ठेवला. "शोल्डर. पेन, सर. मेनी डेज पेन. शीट हॉट, आय पुट शीट. आय स्टँड. गुड."

"यू पुट द शीट ऑन युवर बॉडी?"

"येस, सर."

"ऑन युवर स्किन?"

तिने गळ्याशी ब्लाउजची कड बोटाने जरा सरकवून दाखवली. येस, सर.

"हॉस्पिटल शीट?"

"येस, सर."

साहेबांनी पेन टेकवलं आणि लिहायला लागले. लिहिता लिहिता एकदा त्यांनी स्वतःच्या खांद्यावर हात ठेवून पाहिला, चादर तिथे ठेवली तर किती गरम चालेल याचा अंदाज घेतल्यासारखा, आणि मान हलवली. कुणी चादर कातडीला लावून उभं राहतं, त्याला बरं वाटतं, म्हणजे ड्रायर नको इतका तापलेला नव्हता. त्यांनी भाच्याकडे बघून दोन शब्द म्हटले. ते भाच्याला कळले, कारण तो उठून उभा राहिला.

मावशीकडे बघून त्यांनी बरेच जास्त शब्द म्हटले. त्यातला 'रूल' हा एक तिला ओळखीचा होता.



जिन्यात बाई म्हणाल्या, "वाक्य बरोबर होतं."

"कोणतं?"

"सो-दॅटचं. 'आय पुट'च्या पुढे 'इट' हवं होतं, पण चालतं."

"मार्क किती?"

बाईंना हसू आलं आणि ते त्यांनी आवरलं. "खुर्चीचं बघितलंत ना काय झालं?"

"झालं ते झालं. मी त्यावर बसलेच कधी होते?"

खाली चष्मेवालीने वाटेत गाठलं. बातमी जिन्याच्या आधी खाली पोचली होती. "दवाखान्याच्या चादरीने शेक घेतलास म्हणे. फार धीट आहेस बाई तू."

"कोणतं फार?"

"म्हणजे?"

"काही नाही. गठ्ठा धर त्या बाजूने."

भाचा ड्रायरांपाशी थांबला होता. चार नंबर बंद होता, पाइप अजून सुटा पडलेला. कंत्राटवाल्यांना बोलावणं गेलं होतं आणि ते यायचं नाव घेत नव्हते. भाच्याने मावशीच्या हातातला ओला गठ्ठा घेतला आणि पाच नंबरमध्ये भरला, मग दुसरा घेतला. हे त्याचं काम नव्हतं.

"कशाला सांगितलंस?" तो म्हणाला. "व्हेरी म्हणून मोकळी झाली असतीस. मीही सुटलो असतो आणि खुर्चीपण कदाचित राहिली असती."

"व्हेरी निघेना तोंडातून."

"टू बरं निघालं होतं त्या दिवशी."

"टोमणे मारू नकोस. आईवर गेलायस."

तो हसला. या खेपेला बळेच नव्हतं. मग पाच नंबरचं दार लावताना, पाठमोराच, त्याने विचारलं, "खरंच लावली होतीस खांद्याला?"

"लावली होती."

"आणि भाजलं नाही?"

मावशीने ड्रायरच्या गोल काचेतून आत पाहिलं. चादरी एकमेकींच्या अंगावर पडत होत्या, सुटत होत्या, पुन्हा पडत होत्या.

"बरं वाटलं," ती म्हणाली.

"ते नाही विचारलं मी."

"मला तेवढंच माहीत आहे."

भाचा जरा वेळ तिथेच उभा राहिला, आणखी एखादं वाक्य येईल म्हणून. मग त्याने पान्ह्यांची पेटी उचलली आणि इस्त्रीच्या रोलरांकडे गेला, तिकडे कुणीतरी त्याला हाका मारत होतं. मावशीने डाव्या हाताने पुढचा गठ्ठा ओढला. ओळीच्या प्रमुखाच्या खुर्चीवर कुणीतरी वाळलेले टॉवेल रचून ठेवले होते.

ज्या दिवशी टेलिफोन केला त्या संध्याकाळी आंघोळ करताना मावशीच्या उजव्या खांद्यावर तळव्याएवढा लाल चट्टा होता, आणि तो रविवारपर्यंत गेला नाही.